पोळ्याचं आवतन

करडी गावात कोणाला बैल घ्यायचा असला की आमच्या शेजारच्या काकाजींना सोबत नेतात. मुलीची शाळा ऑनलाइन झाली आणि मी साकोलीला जुना, स्वस्तातला लॅपटॉप घ्यायला निघालो, तेव्हा ते न बोलावताच गाडीवर मागे बसले.

दुकानातल्या चकचकीत मालाकडे त्यांनी पाहिलंही नाही. एका लॅपटॉपच्या झिजलेल्या बटणांवरून, बैलाचे दात तपासावेत तसा, अंगठा फिरवला, पाठीवर थाप मारली. "दात घासले हायेत. म्हंजे राबला हाय. हाच घे."

घेतला. मग रोज सकाळी ते दारातून विचारत, "चारा झाला का त्याचा?" मुलगी चार्जर दाखवायची.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळून ते तसेच घरात आले. मुलीचा वर्ग चालू होता. ते तुपाचे हात पाहून तिनं घाईघाईनं लॅपटॉपवर ओढणी टाकली. काकाजींनी वाकून हात जोडले आणि बैलांना म्हणतात तेच म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

माइक चालू होता. ओढणीखालून सरांचा आवाज आला, "येतो ना काकाजी. किती वाजता?"

काकाजी दचकले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "पाह्यलं? दात पाहून घेतलं का असं होते."