बंद कारखान्याच्या मातीचा पंचनामा

मातीच्या सहा पिशव्यांचं ते प्रकरण आजही मनातून जात नाही. नवी मुंबईतल्या एका पोलीस ठाण्यात तेव्हा मी वरिष्ठ निरीक्षक होतो. आमच्या हद्दीत बंद पडलेल्या रसायन कारखान्याच्या जागेवर टॉवर उभे राहणार होते, आणि शेजारच्या सोसायटीच्या लोकांनी गेटसमोर बसून जेसीबी अडवला होता. बिल्डरने फिर्याद दिली. बेकायदा जमाव, कामात अडथळा, वर मातीत विष असल्याची अफवा पसरवणं. सोबत प्रयोगशाळेचा अहवाल जोडला होता की माती स्वच्छ आहे.

सोसायटीच्या सेक्रेटरी बाईंना चौकशीला बोलावलं. खरं सांगतो, मोर्चेवाल्यांचा मला वैतागच होता. दरडावूनच विचारलं, "बाई, रिपोर्ट वाचलात ना? मग उगाच टेन्शन कशाला वाढवता?"

बाई बधल्या नाहीत. "साहेब, माझे मिस्टर त्याच कारखान्यात होते. ड्रम कुठे पुरले ते त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. आज ते अंथरुणाला खिळलेत आणि लोक त्यांना खोटारडा म्हणतात. उद्या तिथे लहान मुलं खेळतील, त्याचं काय? आणि नमुने घेतल्याची जी तारीख लिहिलीय ना, त्या दिवशी गेट उघडलंच नव्हतं. माझी बाल्कनी समोरच आहे."

मी अहवालाला जोडलेला पंचनामा काढला. नमुने आपल्यासमक्ष घेतले, अशी दोन पंचांची सही होती. पहिलं नाव वाचलं आणि उडालोच. अहो, हा तर आमच्या ठाण्याबाहेरचा चहावाला! साताऱ्याकडचा साधा माणूस. पंच मिळेनासा झाला की आमचे हवालदार त्यालाच हाक मारायचे.

त्याला केबिनमध्ये बसवलं. आवाज चढवायची गरजच पडली नाही.

"प्लॉटवर गेला होतास?"

"न्हाई साहेब. बिल्डरचे लोक टपरीवर आले. पिशव्या भरलेल्याच होत्या. सही कर म्हनले, केली."

"न बघता?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुमी तरी कवा दाखवलंत साहेब? हवालदार कागद आनतात, मी सही करतो. मला वाटलं, पंचाचं काम असंच असतंय."

लाज वाटली, पण ती गिळून त्याचा जबाब नोंदवला आणि सगळ्यांसमोर नव्याने नमुने घ्यायला लावले. बाईंनी दाखवलेल्या कोपऱ्यात दोन हात खणल्यावर काळा चिखल लागला. वास इतका उग्र होता की पंचांनी नाकाला रुमाल लावले. बाईंनी तिथूनच घरी फोन केला. "अहो, सापडलं. तुम्ही सांगितलंत तिथेच."

काम थांबलं, लोकांवरची फिर्याद टिकली नाही, वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. त्यानंतर पंच जागेवर गेल्याशिवाय माझ्या ठाण्यात एकही पंचनामा झाला नाही. पण चहावाल्याच्या सहीच्या जुन्या फायली मी काढून बघितल्या होत्या. त्यातल्या एका प्रकरणात अशाच पंचनाम्यावर एक माणूस शिक्षा भोगून आला होता आणि तपास अधिकारी मीच होतो. तो इथे जवळच करंजाड्याला राहतो, पत्ता माझ्याकडे आहे. त्याच्या दारात जाऊन उभं राहायची हिंमत मला अजून झालेली नाही.