कॉपीवाल्या बाई

परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोराचा कान सगळ्यांत आधी बाईंच्या हातात यायचा, आणि त्यांचं संशोधनही कॉपीवरच होतं. पेशी दुभंगण्याआधी आपल्या डीएनएची नक्कल करते, ती कशी, हे त्या यीस्टमध्ये बघत. म्हणून अमरावतीच्या आमच्या कॉलेजात त्यांचं नाव पडलं, कॉपीवाल्या बाई. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, "यीस्टनं कॉपीत चूक केली तर मले आनंद होते. तुमी केली तर नाई."

त्या चुकांमागेच त्या होत्या. नक्कल उतरताना कधी एखादा तुकडा दोनदा उतरतो. बहुतेक वेळा असा जादा तुकडा नाहीसा होतो, पण एखादा टिकतो आणि पिढ्या उलटता उलटता नवं काम शिकतो. कोणता टिकतो आणि का, एवढाच बाईंचा प्रश्न होता.

बाई अकोल्याच्या पिंजाऱ्याची मुलगी. वडील गाद्या भरत, त्या शेजारी कापसाच्या धुरळ्यात अभ्यास करत. बाई कॉलेजात आल्या तेव्हा वऱ्हाडात वाईट वर्षं होती; रोज पेपरात शेतकऱ्याच्या आत्महत्येच्या बातमीत कुठल्यातरी गावाचं नाव असायचं. बाईंच्या अनुदानाचा अर्ज तपासायला समिती आली. अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, याचा कापसाला उपयोग होईल, एवढं एका ओळीत लिहा. मंजूर करून टाकतो."

"साहेब, कापूस लहानपणीच माह्या नाकातोंडात गेला. पण यीस्टच्या कागदात मी तो घुसवणार नाई. शेतकऱ्याच्या नावावर खोटं लिहिणारे पुष्कळ आहेत."

अनुदान गेलं. निर्जंतुकीकरणाचं यंत्र बंद पडलं, तर बाईंनी घरचा कुकर आणला. काम एक दिवसही थांबलं नाही.

मी त्यांच्याकडे पीएच.डी. करत होते. घर मूर्तिजापूरजवळच्या खेड्यात. त्या साली आमच्या शेतात कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, बोंडं नव्हती. काका मला न्यायलाच आले. प्रयोगशाळेच्या दारात उभं राहून म्हणाले, "बाई, पोरगी काय करून राहिली इथं? आमाले याचा फायदा काय?"

बाईंनी स्टूल पुढे केलं. "आज काईच नाई, भाऊ. उद्याचं मले मालूम नाई. पण काम खरं आहे. बसा, दाखवते."

काकांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "यंदा जो तो फायदा सांगूनच बियाणं विकून गेला. नाई म्हणणारी ही एकच भेटली. तू राह्य इथंच."

निवृत्तीनंतर बाई अकोल्याला गेल्या आणि अंथरुणाला खिळल्या. त्याच सुमारास एका परदेशी प्रयोगशाळेनं त्यांचे तीन निष्कर्ष चुकीचे ठरवले. ते सांगायला मी अकोल्याला गेले. बाईंनी उशी पाठीशी घेतली. "वाच." पहिला मुद्दा ऐकून म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं." दुसऱ्यालाही मान हलवली. तिसऱ्याला मात्र हात वर केला. "थांब. इथं मी चुकले नाई. लिही."

श्वास लागत होता, तरी तासभर सांगत होत्या. ते मी पाठवलं. त्या लोकांनी प्रयोग पुन्हा केला आणि सात महिन्यांनी उत्तर आलं. तोवर बाई राहिल्या नव्हत्या.

तिसऱ्या मुद्द्यावर बाई बरोबर होत्या.