मागच्या काचेची तपासणी

भालचंद्र पेठ्यांनी नोकरीभर सरकारी खरेदीच्या मालातले दोष शोधले. पंखे, सतरंज्या, कुलुपं. त्यांच्या हातून निर्दोष सुटलेली वस्तू विरळाच. त्यामुळे धुक्याच्या दिवसांत गाडी मागे घेताना सोसायटीच्या चौकीदाराचं स्टूल मोडलं, तेव्हा दोष गाडीचाच असणार, हे त्यांनी जागेवरच ठरवून टाकलं. चौकीदार नुकताच चहाला उठला होता, म्हणून स्टुलावरच निभावलं. "कोई बात नहीं, साहब," म्हणाला तो. पण तेव्हापासून उभाच राहतो.

मुलगी नीला पानिपतला एका हातमाग कंपनीत. पुण्याच्या नातेवाइकांना तिच्या गावाचं नाव सांगताना पेठे अजून आवाज उतरवत. तिने फोनवर निकाल दिला: रविवारी येऊन गाडी घेऊन जाणार, बाबांचं ड्रायव्हिंग बंद. पेठ्यांनी मुदत मागितली. मागच्या काचेवरची वाफ घालवणारा डिफॉगर बिघडलाय, तो दुरुस्त झाला की तक्रारीला जागाच नाही, असं त्यांचं म्हणणं. गाडी गेली की रोहिणीतला तिसरा मजला आणि खालचा भाजीवाला एवढीच दिल्ली उरेल, हे काही ते बोलले नाहीत.

शनिवारी सकाळी त्यांनी पत्नीला, कुमुदताईंना, मागच्या सीटवर बसवून काचेवर तोंडाची वाफ सोडायला लावली. स्वतः पुढे बसून इंजिन चालू केलं, बटण दाबलं आणि आरशात डोळे लावले. डिफॉगरची काचेवरची रेघ तापली की तिच्याजवळची वाफ आधी विरते. वाफ राहील तिथे रेघ तुटलेली.

"झाली हो साफ सगळी."

"डावीकडे खाली बघ. ढग आहे तिथे."

तिथे काही नव्हतं. त्यांनी पुन्हा वाफ सोडायला सांगितली, मग आणखी एकदा. या वयात काचेला श्वास पुरवायचा, तोही बिनपगारी, असं पुटपुटत कुमुदताईंनी तेही केलं. शेवटी पेठे स्वतःच मागे येऊन बसले आणि काचेवर बोट फिरवलं. बोट कोरडं. ढग मात्र जागच्या जागी.

मग जुन्या सवयीने त्यांनी एकेक भाग वेगळा काढून तपासला. उजवा डोळा मिटला, काच लख्ख. उजवा उघडून डावा मिटला, ढग हजर. पुन्हा करून पाहिलं. निष्कर्ष बदलला नाही.

कुमुदताई बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "एखादी रेघ तुटलीय असं सांगू या का तिला? मी सांगते."

पेठ्यांनी फोन लावला. "नीला, डिफॉगर उत्तम चालतोय. सकाळी पानिपतच्या रस्त्याला उपयोगी पडेल तुला."

"मग बिघाड कुठे होता, बाबा?"

त्यांनी फोन कुमुदताईंच्या हातात दिला, खाली उतरले आणि पुढे जाऊन इंजिन बंद केलं.