मोठ्या जाळीचे आकडे

एम.एस्सी.ला माझ्या वर्गात असलेला एक मित्र मे महिन्यात आमच्या धामापूरच्या घरी राहायला आला. दोघांचा मिळून एक शोधनिबंध चालला होता, तो इथे निवांत बसून संपवू, असं त्याचंच म्हणणं. तो पुण्यात प्राध्यापक, मी इथल्या कॉलेजात शिकवते.

विषय सांगायला सोपा आहे. एखादी साथ विझणार की पसरणार, याची एक सीमा असते. नेमक्या त्या सीमेवर ती कशी वागते हे काही ठरावीक आकडे, म्हणजे घातांक, सांगतात, आणि अगदी वेगवेगळ्या प्रारूपांतही ते तेच निघतात. पण साथ खळबळत्या पाण्यात असेल, भोवरे तिला लांब नेऊन टाकत असतील, तर? खळबळ सौम्य असेल तर घातांक बदलत नाहीत, असं मित्राने एका परिषदेत सांगूनही टाकलं होतं. संगणकावर बिंदूंची लहान जाळी घेतली की तसंच दिसायचं. मी जाळी मोठी करत गेले तसे आकडे सरकू लागले. सौम्य खळबळही काम करत होती, फक्त ते दिसायला जागा लागत होती.

हे मी त्याला जेवताना सांगितलं. आईने कुर्ल्यांचं कालवण केलं होतं.

"मोठ्या जाळीचे आकडे काढून टाकू," तो कुर्लीची नांगी चोखत म्हणाला. "त्रुटी आहेत त्या."

"त्रुटी असत्या तर आकडे वरखाली झाले असते. हे एकाच बाजूला सरकतायत."

"अगं, मी बोलून बसलोय. आणि कोण बघतंय एवढं?" त्याने बोटं चाटली. "काकू, असा रस्सा पुण्यात मिळत नाही."

त्याच्या हनुवटीवरून तो रस्सा ओघळत होता. मी ताट बाजूला सारलं.

दुपारी त्याने मला आलेख दाखवला. मोठ्या जाळीचे शेवटचे बिंदू त्यात नव्हते. रेघ कशी सरळ, गुळगुळीत. मी म्हटलं, निबंधावरून माझं नाव काढ.

"मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या बढतीला उपयोग होईल," तो हसून म्हणाला.

म्हणजे माझी किंमतही त्याने ठरवून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी तो गेला. आईने विचारलं, "तुझा तोंड असा कित्याक गो?"

"माका किळस इली त्याची."

"आंब्याची पेटी मात्र बरी घेवन गेलो," आई म्हणाली.

निबंध लहान जाळीच्या आकड्यांवरच छापून आला. आभारात माझं नाव होतं, चर्चेसाठी आणि आदरातिथ्यासाठी. मी त्या नियतकालिकाच्या संपादकांना मोठ्या जाळीचे माझे आकडे पाठवले. त्यांनी स्वतंत्र टिपण मागितलं, ते काही महिन्यांनी छापलं. त्याचा निबंध मात्र तसाच राहिला.

मग त्याचा मेसेज आला. माझ्या टिपणात चूक दाखवायला त्याच्या निबंधाचा संदर्भ दिला होता, तेवढाच एक संदर्भ वाढला म्हणून त्याने मनापासून आभार मानले होते, आणि खाली हात जोडल्याचं चित्र. मी फोन पालथा ठेवला आणि हात धुऊन आले.