माझ्या भावाला काय सांगाल?

आमच्या शेजारच्या घरात एक नियम होता. जेवणाच्या टेबलावर आयर्लंडचं नाव काढायचं नाही. न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरला आम्ही घर घेतलं, त्या वर्षी थँक्सगिव्हिंगला त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. तेव्हा शेजारच्या काकांनीच तो नियम हसत हसत सांगितला. "लग्न टिकवायचं असेल तर काही विषय गॅरेजमध्ये ठेवावे लागतात," ते म्हणाले. काकू बटाटे वाढत होत्या. त्या हसल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत.

काका आणि काकू ही आमची हाक. मी पहिल्या आठवड्यातच चुकून 'काकू' म्हणून गेले, अर्थ सांगावा लागला, आणि मग त्या स्वतःच फोनवर "मी काकू बोलतेय" म्हणू लागल्या.

दोघंही आयर्लंडच्या उत्तरेकडचे. बेट एकच, पण दक्षिणेकडचा मोठा भाग स्वतंत्र देश झाला आणि उत्तरेकडचा तुकडा ब्रिटनबरोबर राहिला. काका तिथल्या कॅथलिक वस्तीत वाढले. सगळं बेट एक व्हावं, हे त्यांच्या घरी देवासमोर मागायचं मागणं होतं. काकू प्रॉटेस्टंट शेतकऱ्याची मुलगी, पूर्वज कधीकाळी स्कॉटलंडहून येऊन वसलेले. त्यांची माणसं स्वतःला ब्रिटिश समजायची. बेट एक झालं तर आपण आपल्याच गावात उपरे ठरू, ही त्यांची भीती. काकू शहरातल्या इस्पितळात नर्स होत्या, काका हात मोडून तिथे गेले, आणि पुढचं सगळं घडलं. "त्या घरात गेलीस तर या घरात येऊ नकोस," असं वडिलांनी काकूंना सांगितलं. दोघं न्यू जर्सीला आले. काकांनी आयुष्यभर इलेक्ट्रिशियनचं काम केलं, काकूंनी नर्सिंग. मूल झालं नाही. लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती.

मी बेळगावची. हे सांगितलं की इथे बहुतेक मराठी माणसं "अच्छा, कुंदा!" म्हणतात आणि विषय संपतो. काकांना मात्र मी नीट सांगितलं. मराठी बोलणारं माझं गाव कर्नाटकात गेलं, माझे बाबा दर वर्षी एक नोव्हेंबरला दंडावर काळी फीत बांधून मोर्च्यात जायचे, आणि बेळगाव महाराष्ट्रात गेलेलं बघायचं म्हणत म्हणतच गेले. काकांचे डोळे चमकले. "म्हणजे तुझे वडील आमच्यातले!" त्यांनी टाळीसाठी हात पुढे केला.

काकूंनी वेगळंच विचारलं. "तुमच्या शेजारचं घर कुणाचं होतं?"

"कन्नड मावशींचं."

"आणि त्या दिवशी त्या काय करायच्या?"

त्या दिवशी मावशींच्या दारावर लाल-पिवळा झेंडा असायचा. कर्नाटक राज्य झाल्याचा, त्यांचा तो सणाचा दिवस. त्या दिवशी आमची दारं समोरासमोर बंद असायची, आणि दुसऱ्या दिवशी मावशी होळगीचा, म्हणजे पुरणपोळ्यांचा, डबा घेऊन यायच्या. मी हे सांगितलं.  "डबा नेमका दुसऱ्या दिवशी," काकू एवढंच म्हणाल्या.

माझा नवरा नागपूरचा. त्याच्या माहेरी, म्हणजे माझ्या सासरी, वेगळा विदर्भ हवा असणारे लोक. आमच्या लग्नात दोन्हीकडच्या चुलत्यांनी पंगतीत यावरून वाद घातला होता. त्यामुळे शेजारचा नियम आम्हाला विचित्र वाटला नाही. आमच्या मुलीला वाटला. "बट दे लिव्ह हिअर," ती म्हणायची. "व्हाय डू दे केअर?" नवरा म्हणायचा, "दूर आलेल्यालाच जास्त लागतं, बेटा."

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं तेव्हा ती सरहद्द पुन्हा बातम्यांत आली. मग बेट एक करण्यावर मतदान घ्यावं का, केव्हा घ्यावं, एकत्र झाल्यावर झेंडा कुठला, इस्पितळं कशी चालतील, पेन्शन कोण देणार, अशा चर्चा सुरू झाल्या. काका गॅरेजमध्ये खुर्ची टाकून टॅब्लेटवर त्या तासन् तास ऐकायचे. नियम पाळूनच. पण टॅब्लेटचा आवाज हळूहळू स्वयंपाकघरापर्यंत यायला लागला.

आमच्या भागात आयरिश वंशाच्या लोकांचं एक मंडळ आहे. त्यांनी एका रविवारी दुपारी शेजारच्या गावातल्या हॉलमध्ये या विषयावर जाहीर चर्चा ठेवली. मंडळातले बहुतेक जण अमेरिकेत जन्मलेले, आजोबा-पणजोबा तिकडचे. प्रत्यक्ष उत्तरेत वाढलेला माणूस म्हणून काकांना चार शब्द बोलायला सांगितलं. काका लहान मुलासारखे खूश झाले. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून ड्राइव्ह करायचं मी कबूल केलं.

"तू येशील?" त्यांनी काकूंना विचारलं.

"मी कशाला?"

"मी बोलणार आहे म्हणून."

काकूंनी कोट घातला.

हॉल भरलेला होता. मागे कॉफी आणि सोडा ब्रेड. स्टेजवर एक प्राध्यापक, एक वकीलबाई आणि कडेला काका. दोघं हुशारीने बोलले. मग काका उठले. त्यांनी आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. सात माणसं दोन खोल्यांत राहायची. वडील नगरपालिकेच्या घरासाठी वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले, आणि घर मिळालं ते गल्लीतल्या एका बिनलग्नाच्या तरुण मुलीला, कारण तिचं आडनाव योग्य बाजूचं होतं. "माझ्या वडिलांनी आयुष्यभर टोपी हातात धरून बोलायची सवय लावून घेतली," काका म्हणाले. लोक उभे राहिले. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मी बाजूला बघितलं तर काकूही टाळ्या वाजवत होत्या. मनापासून.

मग प्रश्नोत्तरं सुरू झाली. काकूंनी हात वर केला. मला काही बोलल्या नव्हत्या.

"माझा भाऊ तिथे आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या वडिलांच्या शेतावर. त्याला हे नको आहे. कधीच नको होतं. तो वाईट माणूस नाही. तुम्ही झेंड्याबद्दल बोललात, पेन्शनबद्दल बोललात. मतदान तुमच्या बाजूने झालं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या भावाला काय सांगाल? त्याच्याबद्दल नाही विचारत मी. त्याच्या दारात उभं राहून, त्याला."

 प्राध्यापकांनी माइक जवळ घेतला, पण त्याआधीच मागून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "सांगू, की स्कॉटलंडला जाणाऱ्या बोटी अजून सुटतात!"

लोक हसले. फार दुष्टपणे नाही, दुपारभर गंभीर बसलेले लोक हसतात तसे. मी स्टेजकडे बघितलं. काकाही हसत होते.

मग त्यांचं हसू एकदम थांबलं. पण काकूंनी ते पाहिलं होतं. त्या खाली बसल्या आणि पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळत राहिल्या. प्राध्यापकांनी चांगलं उत्तर दिलं, हक्क, कायदे, वेळ द्यावा लागेल वगैरे. त्या ऐकत होत्या असं मला वाटत नाही.

परतताना दोघं गाडीत मागच्या सीटवर बसले होते.

"तू हसलास," काकू म्हणाल्या.

"सगळे हसत होते," काका म्हणाले. "मला कळलंच नाही गं."

"तेच म्हणतेय."

त्यानंतर त्यांच्यात भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. पण दोघं फक्त सभ्य झाले. काका गॅरेजमध्ये जाईनात, टॅब्लेट चार्जिंगलाही लावीनात. काकूंनी वेगळंच एक सुरू केलं. भावाला वर्षातून एक ख्रिसमस कार्ड जायचं. आता त्या दर रविवारी फोन करू लागल्या. पहिल्या फोननंतर त्या माझ्याकडे आल्या, ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"मी त्याला सांगितलं, तुझ्या बाजूने भर सभेत बोलले. तर काय म्हणतो माहितीये? म्हणे, तुला कुणी सांगितलं होतं?"

"मग?"

"मग मीच विचारलं, तुझ्या बागेत यंदा काय लावलंयस."

त्या हसायला लागल्या आणि हसता हसता रडू लागल्या. मी गॅस बंद केला. त्यांना जवळ घेतलं तेव्हा कळलं, त्या किती वाळल्या होत्या.

काकूंच्या पोटात गाठ निघाली. निदान झालं तेव्हाच उशीर झाला होता. त्या महिन्यांत मी काकांना नव्याने ओळखलं. त्यांना साधं अंडं उकडता यायचं नाही. ते सूप करायला शिकले, औषधांचे डबे लावायला शिकले, काकूंचे केस विंचरायला शिकले. एकदा मी काकूंना केमोला घेऊन गेले होते. तिथे बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, "तो हसला याचं मला तेवढं वाटलं नाही. त्याला ते खरंच गमतीचं वाटलं, याचं वाटलं. इतकी वर्षं आम्ही बोललो नाही ना, म्हणून त्याला माझा भाऊ कधी दिसलाच नाही. आणि मलाही त्याचे वडील त्या दिवशी पहिल्यांदा दिसले. टोपी हातात धरलेले. मला त्याने कधी सांगितलं नव्हतं."

"हे काकांना सांगा ना."

"त्याला माहीत आहे," त्या म्हणाल्या. पण मला नाही वाटत, त्यांना माहीत होतं.

वसंतात त्या गेल्या. जायच्या आधी त्यांनी काकांना सांगितलं, "मला घरी ने." काकांना वाटलं, हॉस्पिटलमधून घरी. त्यांना म्हणायचं होतं, वडिलांच्या चर्चच्या आवारात, आईशेजारी. काकांनी इथल्या दफनभूमीत दोघांची जागा शेजारीशेजारी घेऊन ठेवली होती. ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "पन्नास वर्षं मी समजत होतो, तिचं घर हे आहे."  तो त्यांचा हात धरून बसला.

काकांनी मेव्हण्याला फोन केला. तो काय म्हणेल, या धास्तीने त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. काकांनी काकूंची इच्छा सांगितली. मग मेव्हणा म्हणाला, "घेऊन ये. मी विमानतळावर येतो."

नेवार्क विमानतळावर मीच त्यांना सोडलं. दहन इथेच झालं होतं; अस्थींची पेटी त्यांनी विमानतळाच्या व्हीलचेअरवर मांडीत घेतली होती, सिक्युरिटीच्या रांगेत कुणाला हात लावू देत नव्हते.

परत आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं, आमच्याच स्वयंपाकघरात बसून. दोघं म्हातारे आयुष्यात पहिल्यांदाच भेटले होते. दक्षिणेतल्या डब्लिनहून मेव्हण्याने गाडी काढली. काकांच्या तरुणपणी सरहद्दीवर सैनिक उभे असायचे, गाडीची डिकी उघडून बघायचे. आता ते काचेतून बघत राहिले आणि शेवटी विचारलं, "सरहद्द कुठाय?" मेव्हणा म्हणाला, "गेली मागे." रस्त्याच्या कडेच्या पट्ट्या पिवळ्याच्या पांढऱ्या झाल्या होत्या, बस्स.

चर्चमध्ये पहिल्या बाकावर मेव्हण्याने त्यांना आपल्या शेजारी बसवलं. गावातली माणसं मागे बसली होती. सगळ्यांनी हात मिळवला. रात्री काका त्याच घरात राहिले, ज्या घरात काकूंना परत येऊ नकोस म्हटलं होतं. जेवताना मेव्हण्याने एकच विचारलं, "ती तिकडे सुखात होती का?"

"मी हो म्हणालो," काका आम्हाला सांगत होते. "लगेच म्हणालो. आणि मग वर खोलीत जाऊन बसलो. मी तिला हे कधी विचारलंच नव्हतं गं. मला वाटलं, आपण एकमेकांना मिळालो म्हणजे झालं."

मी त्यांच्यासमोर चहा ठेवला. तो तसाच राहिला.

मंडळाचा पुन्हा फोन आला. आणखी एक चर्चा होती, काकांनी तेच भाषण करावं अशी सगळ्यांची इच्छा होती. काका शांतपणे म्हणाले, "बेट एक व्हावं, असं मला आजही वाटतं. मरेपर्यंत वाटेल. पण मी त्या माणसाच्या टेबलावर जेवून आलोय. आता मला टाळ्यांसाठी बोलता येणार नाही." आणि गेले नाहीत.

मेव्हण्याचा मात्र दर रविवारी फोन यायचा. काकूंची वेळ त्याने चालू ठेवली होती. गुरं, गुडघे, बाग. त्या एका विषयावर दोघं कधीच बोलले नाहीत, आणि आता तो नियम कुणी घातलेला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी सूप घेऊन गेले तर काका फोन कानाला लावून उभे होते. पलीकडे मेव्हण्याचा मुलगा होता. मेव्हणा झोपेतच गेला होता. काका बराच वेळ ऐकत राहिले. मग न राहवून त्यांनी त्या मुलाला विचारलं, "मतदान झालं तर तू काय करशील रे?"

फोनचा स्पीकर चालू होता. मुलाचा आवाज थकलेला, पण नम्र होता. "खरं सांगू? मला अजून ठरवता येत नाही. बाबा ऑपरेशनसाठी दोन वर्षं रांगेत होते. ज्यांच्याकडे ती रांग छोटी असेल, त्यांना मत देईन बहुधा."

काकांनी त्याचं सांत्वन केलं, फोन ठेवला आणि खुर्चीत बसले. मुलाचं काही चुकलं नव्हतं. बेट कुणाचं, या ज्या एका गोष्टीपायी काकू माहेराला मुकल्या आणि काकांचे वडील झुरले, ती त्याच्यापुढे रांगेच्या लांबीएवढी साधी होऊन आली होती.

"ती असती तर आज आम्ही दोघं मिळून रडलो असतो," काका म्हणाले. "एकाच गोष्टीसाठी."

मी घरी फोन लावला आणि नवऱ्याला सांगितलं, काका आज आपल्याकडे जेवतील, भात जरा मऊ लाव.