मस्कतचा मुखालफा

देवासहून मला धारला नेताना मस्कतहून परतलेला टॅक्सीवाला सांगत होता, "ताई, मस्कतला पोलीस ओरडत नाही. कॅमेऱ्यात चूक दिसली की मुखालफा येतो." मुखालफा म्हणजे दंड. मी डायरीत टिपून घेतलं.

धारच्या सिग्नलवर हवालदाराने त्याचं लायसन काढून घेतलं. "फोन पे बात कर रहा था!" लायसन गेलं तर त्याची रोजी गेली. तो दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून शांतपणे म्हणाला, "कैमरा देखो साब. गलती हो तो मुखालफा दो."

"मेरी मुखालफत करेगा?"

"विरोध नहीं भिया, चालान माँग रहा है!" मी खिडकीतून ओरडले.

हवालदाराने कंट्रोल रूमला विचारलं. कॅमेऱ्यात टॅक्सीवाल्याच्या हातात फोन नव्हताच. लायसन परत देत हवालदार म्हणाला, "जा भिया, जा."

"लाल है साब," टॅक्सीवाला म्हणाला आणि आम्ही ताठ मानेने थांबलो.