अकरा वाजताचा राँग नंबर

प्रिय ईशान आणि मुक्ता,

तुमची आजी कशाकशावर विश्वास ठेवते, ते तुम्हाला ठाऊक आहे. थर्मामीटरवर, रेल्वेच्या टाइमटेबलवर आणि डब्यांना लावलेल्या लेबलांवर. पुण्याच्या कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले, पुढे तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी एकच विचारायची – "तुम्ही स्वतः पाहिलंत का?" की समोरचा विषय बदलायचा. तोच प्रश्न आज तुम्ही मला विचारलात तर माझं उत्तर असं – पाहिलं नाही, पण ऐकलं. आणि आजोबांनी तर रोज गप्पा मारल्या.

तुमचा तेव्हा जन्म व्हायचा होता. आम्ही बिबवेवाडीत याच फ्लॅटमध्ये राहत होतो. पुण्यात आयटी कंपन्या येत होत्या आणि त्यांच्या आधी त्यांच्या केबल येत होत्या, त्यामुळे एकही रस्ता न खणलेला नव्हता. आजोबांना टेलिफोन खात्यातून रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती. तुमचा बाबा नुकताच सिअ‍ॅटलला गेला होता.

आजोबांना लघवीचा त्रास सुरू झाला. रक्ततपासणीत शंका आली, म्हणून एका सोमवारी डॉक्टरांनी प्रोस्टेटची बायॉप्सी केली. कॅन्सर आहे की नाही, ते आता रिपोर्ट सांगणार होता. "आठ-दहा दिवस लागतील. आला की आम्हीच फोन करू," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

घरी येताच आजोबांनी दोन हुकूम काढले. पहिला – कुणालाही सांगायचं नाही. शेजाऱ्यांना नाही, मुलाला तर नाहीच. म्हणून मी सायबर कॅफेत जाऊन तुमच्या बाबाला ईमेल केली की आम्ही दहा दिवस महाबळेश्वरला चाललोय, फोन करू नकोस. (तुमच्या आजीने लेखी खोटं बोलण्याचा हा एकमेव प्रसंग.) दुसरा हुकूम – हॉस्पिटलचा फोन कधीही येईल, तेव्हा लाईन एंगेज ठेवायची नाही. आपण इथून एकही फोन करायचा नाही. जन्मभर खात्यात काढलेला माणूस... त्यांनी फोनवर चक्क चिठ्ठी चिकटवली, "हात लावू नये". घरात माणसं दोन, त्यातला एक चिठ्ठी लावणारा. म्हणजे ती कोणासाठी होती ते कळलंच.

मी वाट बघण्याचंही टाइमटेबल केलं होतं. सकाळी चालणं, मग शब्दकोडं, दुपारी पत्ते. आजोबांनी त्यातलं काहीच केलं नाही. फोनशेजारी खुर्ची ओढून बसून राहिले. मंगळवारी मी चहात साखर घालायला विसरले आणि ते तक्रार न करता प्यायले. तेव्हा मात्र मी खरी घाबरले.

बुधवारी बरोबर अकराला फोन वाजला. आजोबांनी झडप घातली. मी धावत शेजारी जाऊन उभी राहिले. पलीकडे एक बाई होत्या आणि आवाज इतका खणखणीत की मला सगळं ऐकू येत होतं.

"पंचवीस पुरणपोळ्या सांगितल्या होत्या. झाल्या का?"

"राँग नंबर. इथे पोळ्या मिळत नाहीत."

"मग काय मिळतं?"

"अपमान. हवाय का?"

"नको, तो घरी होतो," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

गुरुवारी अकराला पुन्हा त्याच. "झाल्या का पोळ्या?"

"बाई, कालच सांगितलं ना!"

"तुम्ही कालचेच का?"

"नाही, मी आजचा. कालचा शिळा झाला."

शुक्रवारी त्यांनी पोळ्यांचं विचारलंच नाही. म्हणाल्या, "आज आवाज उतरलाय तुमचा. काय झालंय?"

आजोबांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "बायॉप्सीच्या रिपोर्टची वाट बघतोय. कॅन्सर असेल."

मुलांनो, हा शब्द तोवर आमच्या घरात कुणी उच्चारला नव्हता. आम्ही दोघं 'ते' म्हणायचो. आणि हा गृहस्थ तो शब्द एका राँग नंबरला सांगत होता!

"असेल. नसेलही," बाई शांतपणे म्हणाल्या. "तोवर जेवताय का नीट?"

"नाही."

"मग कॅन्सर नसला तरी जाल. आज काय केलंय घरी?"

"दोडक्याची भाजी."

"अरेरे. मग खरंच कठीण आहे हो."

आजोबा हसले! खो खो हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. माझ्या भाजीचा अपमान झाल्याचा राग मला आला, पण तो मी पुढे ढकलला.

त्यानंतर रोज अकराला दहा मिनिटं गप्पा. महागलेला गूळ, खणलेले रस्ते, मुलं परदेशी गेली की घरात उरणारी रिकामी कपाटं. मी म्हटलं, "अहो, लाईन एंगेज राहतेय." तर म्हणे, "इनकमिंग आहे." एकदा मीच फोन उचलला, तर बाई म्हणाल्या, "कोण, दोडकावाल्या का?" मागे तव्यावर उलथणं घासल्याचा आवाज स्पष्ट येत होता. आजोबा पुन्हा दोन वेळा जेवू लागले. संध्याकाळी पत्त्यांत लबाडी करू लागले, म्हणजे तब्येत ताळ्यावर आली.

पुढच्या बुधवारी फोन अकराऐवजी नऊलाच वाजला. "पोळ्यांचं राहू द्या," बाई घाईघाईने म्हणाल्या. "तुमचा रिपोर्ट परवाच येऊन पडलाय. जाऊन घ्या बघू."

"तुम्हाला कसं कळलं? तुम्ही हॉस्पिटलात असता का?" आजोबांनी विचारलं.

फोन बंद.

आम्ही रिक्षा केली. काउंटरवरची मुलगी आजोबांना बघताच वैतागली. "आजोबा, परवापासून फोन करतेय मी! तुमचा नंबर लागतच नाही."

तिच्याशी वाद घालण्याइतकं भान आम्हाला नव्हतं. डॉक्टरांनी कागद वाचला आणि चष्मा काढला. कॅन्सर होता. पण डॉक्टर म्हणाले की लवकर सापडलाय, गाठ लहान आहे, आणखी एक स्कॅन करू आणि ऑपरेशनची तारीख ठरवू. आजोबांनी विचारलं, "मधल्या काळात पुरणपोळी चालेल का?" डॉक्टर म्हणाले, "तूप जरा बेतानं."

घरी आल्यावर आजोबा म्हणाले, "आता मुलाला सांगू." चिठ्ठी काढली, रिसीव्हर कानाला लावला आणि तसेच उभे राहिले. डायलटोन नव्हता. नुसती शांतता.

खालच्या मजल्यावरचे कांबळेकाका जिन्यात भेटले. ते सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, शब्द मोजून बोलणारे. "अहो, मागच्या आठवड्यात मंगळवारी संध्याकाळी रस्ता खणताना केबल तुटली. अख्ख्या सोसायटीचे फोन तेव्हापासून बंद आहेत. आपण टेलिफोनवाले, आणि आपल्याला पत्ता नाही?"

"कुणी सांगितलं नाही," आजोबा म्हणाले.

"आपण दार उघडाल तर सांगू ना!"

आठ दिवस आम्ही स्वतः एकही फोन केला नव्हता, म्हणून आम्हाला कळलं नव्हतं. पण पहिला राँग नंबर आला तो बुधवारी. म्हणजे केबल तुटल्यानंतर.

आजोबा त्याच दुपारी एक्स्चेंजमध्ये गेले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या माणसानं लाईन तपासली. मंगळवारपासून मृत. आजोबांनी खड्ड्यात उतरून तुटलेली केबल स्वतः पाहिली. मी शंका काढल्या – क्रॉस कनेक्शन? ते म्हणाले, "अगं, घंटी वाजवणारा करंटच एक्स्चेंजमधून येतो. वायर तुटली की वाजणार काय?" भास म्हणावा, तर दोघांना एकच भास, रोज, वेळेवर? आणि रिपोर्ट आल्याचं आम्हाला माहीत नव्हतं, मग भासाला कुठून कळलं?

आठवड्याने केबल जोडली. आजोबा कितीतरी दिवस अकराला फोनजवळ बसायचे. त्या बाईंचा फोन पुन्हा आला नाही. मी सगळ्या शक्यता दोन रकान्यांत लिहून काढल्या होत्या. 'कारण' हा रकाना आजही कोरा आहे.

आजोबा आता चौऱ्याऐंशीचे आहेत आणि मी हे लिहीत असताना बाहेरून विचारताहेत की एवढं काय लिहितेयस, मृत्युपत्र का?

लिहायचं कारण असं. तुमच्या बाबाने पन्नाशी कधीच ओलांडली. डॉक्टरांनी त्याला आजोबांची झाली तीच प्रोस्टेटची तपासणी करायला सांगून वर्ष झालं, आणि तो दर रविवारी "वेळ नाही, आई" म्हणतो. तो आजोबांसारखाच आहे. दार लावून बसेल, पण सांगणार नाही. त्या बाईंचा फोन सिअ‍ॅटलला लागेल की नाही, मला सांगता येत नाही. तुमचा कॉलेजच्या हॉस्टेलवरूनही लागतो. आजच करा.

तुमची,
आजी